खुर्चीवरचं मौन

२५ जून जवळ आला की आणीबाणीवर लेख येतात, परिसंवाद होतात, तुरुंगात गेलेल्यांचे सत्कार होतात. २०२४ पासून केंद्र सरकारनं या तारखेला 'संविधान हत्या दिवस' असं नावही देऊन टाकलं आहे. या सगळ्या गजबजाटात एक बचाव हमखास कानावर पडतो. तो मांडणारी माणसं आणीबाणीची समर्थक नसतात. उलट भली, समंजस, चार पुस्तकं वाचलेली असतात. त्यांचं म्हणणं साधारण असं: आणीबाणी वाईटच होती, पण ती लादली एका बाईनं आणि तिच्या मुलानं. बाकीचे गप्प राहिले, कारण बोलायची सोयच नव्हती. पन्नास वर्षांनंतर पंख्याखाली बसून त्यांना दोष देणं फार सोपं आहे.

यातलं शेवटचं वाक्य खरं आहे. त्याच्या आधीचं जवळजवळ काहीच टिकत नाही, असं माझं म्हणणं आहे.

भीतीपासून सुरुवात करू, कारण ती खोटी नव्हती. शहा आयोगानं नंतर जी मोजदाद केली तिच्यानुसार 'मिसा' आणि भारत संरक्षण नियम मिळून १,१०,८०६ माणसं आत टाकली गेली होती. आरोपपत्र नाही, सुनावणी नाही, किती दिवस ते सांगायला कुणी बांधील नाही. नसबंदीच्या 'केसेस' आणल्या नाहीत तर पगार अडेल, बदली होईल, असं गावच्या शिक्षकाला आणि ग्रामसेवकाला सांगितलं जात होतं. अशा माणसानं मान खाली घातली तर त्याला भित्रा म्हणायचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. पण हा बचाव काय करतो, तर त्या शिक्षकाची भीती उसनी घेतो आणि ती मंत्र्याच्या, न्यायाधीशाच्या, आमदाराच्या अंगावर पांघरतो. माझा आक्षेप या पांघरुणाला आहे.

२५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केली. मंत्रिमंडळाला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बैठकीत, म्हणजे जयप्रकाश आणि मोरारजी यांना अटक होऊन गेल्यावर. देशाच्या मंत्रिमंडळाला न विचारता देशाची आणीबाणी जाहीर झाली होती, आणि त्या खोलीत जेमतेम स्वर्णसिंगांनी याची गरज होती का असं काहीसं विचारलं. राजीनामा एकाचाही नाही. घाबरले असतील, मान्य. चंद्रशेखर काँग्रेसच्या कार्यकारिणीत असूनही त्याच पहाटे पकडले गेले होते, तेव्हा धाक पोकळ नव्हता. पण मग पुढच्याच महिन्यात लोकसभेत आणीबाणीला मंजुरी देण्याचा ठराव मांडला कुणी? जगजीवनराम यांनी. तेच जगजीवनराम २ फेब्रुवारी १९७७ ला, निवडणुका जाहीर झाल्यावर पंधरवड्यात, लोकशाहीच्या काळजीनं बाहेर पडले. ठराव मांडणं याला मौन म्हणत नाहीत.

इथेच या बचावाची पहिली गफलत आहे. ज्यांना आपण 'गप्प बसलेले' म्हणतो त्यातले वरच्या खुर्च्यांवरचे बहुतेक लोक गप्प नव्हतेच. ते हात वर करत होते, सह्या करत होते, भाषणं करत होते. १९७५ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढणारी एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती आली. ७ ऑगस्टला लोकसभेत, ८ ला राज्यसभेत, १० ला राष्ट्रपतींची सही. कारण ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी होती. मधे निम्म्या राज्यांच्या विधानसभांनीही मान डोलावून घेतली. घटना दुरुस्त करायला एवढी घाई, आणि एवढी तत्परता! पोलिसांच्या दंडुक्यानं हे होत नाही. त्यासाठी शेकडो सुशिक्षित माणसांनी वेळेवर सभागृहात येऊन बसावं लागतं.

आता आपल्याकडे येऊ, कारण दिल्लीला बोल लावणं आपल्याला नेहमीच सोयीचं जातं. तीन जिवंत अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारं आणि न करून घेणाऱ्याला तुरुंग दाखवणारं विधेयक १९७६ मध्ये एका राज्याच्या विधिमंडळानं मंजूर केलं. ते राज्य उत्तर प्रदेश नव्हतं, हरियाणा नव्हतं. ते महाराष्ट्र होतं. फुले, कर्वे, आंबेडकरांचं नाव घेतल्याशिवाय ज्याचं भाषण सुरू होत नाही ते राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, हे आपलं नशीब. आपलं कर्तृत्व नव्हे. बार्शीत त्या वर्षाच्या आरंभीच रस्त्यावरून माणसं धरून नेऊन शस्त्रक्रिया झाल्या होत्या. म्हणजे सक्ती कशी दिसते हे मुंबईत बसलेल्या कुणाला कल्पनेनं रंगवायची गरज नव्हती. आणीबाणीच्या दोन वर्षांत देशभर एक कोटीच्या वर नसबंद्या झाल्या आणि त्यांच्याशी जोडलेले १,७७४ मृत्यू शहा आयोगापुढे नोंदले गेले. दरवर्षी संजय गांधींचं नाव घेऊन आपण हे प्रकरण मिटवतो. महाराष्ट्राच्या विधिमंडळात संजय गांधी मतदानाला आले नव्हते.

दुसरा युक्तिवाद जास्त सभ्य आहे आणि म्हणून जास्त घातक. तो म्हणतो, काही लोक आत राहिले ते संस्था वाचवायला. ते बाहेर पडले असते तर त्यांच्या जागी याहून वाईट माणसं आली असती. मराठी वाचकाच्या मनात इथे यशवंतराव चव्हाणांचं नाव येतं. रसिक, वाचणारा, विरोधकाशी सौजन्यानं वागणारा नेता, तेव्हा परराष्ट्रमंत्री. त्यांना मनातून हे पटलं नव्हतं, असं त्यांचे चाहते सांगतात. पटलं नसेलही. पण मनातल्या नापसंतीनं कोणाची स्थानबद्धता एका दिवसानं कमी झाली? आत राहून त्यांनी काय अडवलं, याचं एक उदाहरण दाखवा, मी हा परिच्छेद मागे घेतो. ते इंदिराबाईंपासून वेगळे झाले १९७८ च्या सुरुवातीला, सत्ता गेल्यावर. त्यांच्या शेजारी मोहन धारिया ठेवून पाहा. धारियाही काँग्रेसचे, महाराष्ट्राचे, केंद्रात मंत्री. जयप्रकाशांशी बोलणी करा असं म्हणाले म्हणून मार्च १९७५ मध्येच मंत्रिपद गेलं. पुढे आणीबाणीला विरोध केला, तुरुंगात गेले. यशवंतरावांची उंची धारियांना नव्हती, अनुयायीही नव्हते. ज्याच्या मागे माणसं कमी त्यानं बोलावं आणि ज्याच्या मागे अख्खा प्रदेश त्यानं संयम राखावा, या हिशोबाला मुत्सद्देगिरी म्हणायची पद्धत आहे. मी तसं म्हणत नाही.

डिसेंबर १९७५ मध्ये कराडला, यशवंतरावांच्याच गावी, साहित्य संमेलन भरलं. स्वागताध्यक्ष यशवंतराव, अध्यक्ष दुर्गा भागवत. जयप्रकाश तेव्हा मूत्रपिंडं निकामी होऊन मुंबईत जसलोकमध्ये होते. दुर्गाबाईंनी त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितली आणि सभामंडप उभा राहिला. हा प्रसंग आपण अभिमानानं सांगतो, सांगावाच. पण तो सांगताना एक गोष्ट सोयीस्कर गाळतो: दुर्गाबाई त्या क्षणी काही विलक्षण, जिवावर उदार होऊन करावी अशी कृती करत नव्हत्या. एका आजारी माणसाचं नाव घेत होत्या. ते नाव घेणं एवढं मोठं वाटलं, कारण बाकीचे ते घेत नव्हते. पुढे १९७६ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातून पोलिसांनी त्यांना नेलं. लोकसाहित्याच्या अभ्यासक, पासष्टी ओलांडलेल्या, कुठल्याही पक्षात नसलेल्या बाई. 'लेखकाचं काम लिहिणं, राजकारण नव्हे' हा तिसरा बचाव करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की दुर्गाबाईंनी लिहिणं सोडलं नव्हतं. उलट ज्यांनी राजकारण नको म्हणून तोंड मिटलं त्यांनी त्या काळात काय लिहिलं, याचा शोध एखाद्या पीएच. डी.च्या विद्यार्थ्यानं घ्यायला हरकत नाही. वाङ्‌मयाच्या इतिहासात त्यासाठी फार जागा लागेल असं वाटत नाही.

विनोबांबद्दल लिहिताना हात जड होतो, पण टाळता येत नाही. त्यांनी डिसेंबर १९७४ मध्ये वर्षभराचं मौन घेतलं होतं, पवनारला. आणीबाणी त्या मौनात आली. भेटीला आलेल्यांपुढे त्यांनी 'अनुशासन पर्व' हे शब्द लिहिले आणि सरकारनं ते उचलून भिंतीभिंतींवर रंगवले. मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की अनुशासन आचार्यांचं असतं, सत्ताधाऱ्यांचं असतं ते शासन. जानेवारी १९७६ मध्ये आचार्यांचं संमेलन बोलावलं, त्यातून आणीबाणी सैल करा असा सूर निघाला, आणि तो सूर दिल्लीनं कानाआड केला. विनोबांचे भक्त या खुलाशावर सगळा भार टाकतात. पण सहा महिने ते दोन शब्द सरकारी प्रचाराचं काम करत होते, आणि पवनारहून 'माझ्या शब्दांचा असा वापर थांबवा' एवढी एक ओळही आली नाही. मौनात लिहायला मनाई नव्हती. ते दोन शब्द लिहूनच तर दिले होते. पुढे गोवधबंदीसाठी त्यांनी उपोषण जाहीर केलं तेव्हा त्यांच्याच आश्रमाच्या 'मैत्री' मासिकाचे अंक पोलिसांनी जप्त केले. गांधींचा पहिला सत्याग्रही, भूदानासाठी देश पायी तुडवलेला माणूस. त्याचं मौनही सत्तेनं स्वतःच्या बाजूचं मत म्हणून मोजलं. मोठ्या माणसाच्या गप्प बसण्याचं हेच होतं. लहान माणूस गप्प बसला तर शांतता होते. मोठा गप्प बसला तर संमती होते.

न्यायाधीशांकडे वळतो, कारण भीतीचा बचाव सगळ्यात लंगडा पडतो तो तिथे. स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागता येते असं देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं. हे न्यायाधीश बदलीच्या टप्प्यात होते, आणि बदल्या झाल्याही. कुलदीप नय्यर यांच्या अटकेच्या खटल्यात सरकारविरुद्ध निकाल देणाऱ्या खंडपीठातले रंगराजन गुवाहाटीला पाठवले गेले आणि अगरवाल पुन्हा सत्र न्यायालयात. तरीही नऊ न्यायालयं बोलली. मुंबई उच्च न्यायालयानं तर 'फ्रीडम फर्स्ट'च्या मिनू मसानींच्या खटल्यात सेन्सॉरला सुनावलं की सरकारवर टीका करणं म्हणजे गुन्हा नव्हे. वकिलांनी खासगी सभेत घटनेवर चर्चा करायला पोलीस आयुक्तांनी घातलेली बंदीही याच न्यायालयानं उठवली.

मग स्थानबद्धांचं प्रकरण गेलं सर्वोच्च न्यायालयात, जिथल्या न्यायाधीशाला महाभियोगाशिवाय हात लावता येत नाही. न्या. खन्नांनी विचारलं, एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून कुणाला ठार मारलं तर? महान्यायवादी नीरेन डे यांचं उत्तर होतं की आणीबाणी आहे तोवर त्यावरही न्यायालयात इलाज नाही. हे ऐकल्यावर, २८ एप्रिल १९७६ ला, पाचांपैकी चौघांनी सरकारच्या बाजूनं कौल दिला. रे, बेग, चंद्रचूड, भगवती. यातला एकही जण मिसाखाली जाणार नव्हता. त्यांना धोका होता तो सरन्यायाधीशपद हुकण्याचा, आणि तो खरा ठरला फक्त पाचव्याच्या बाबतीत: खन्नांना डावलून जानेवारी १९७७ मध्ये बेग यांना सरन्यायाधीश केलं, खन्ना राजीनामा देऊन घरी गेले. पुण्याचे यशवंत चंद्रचूड १९७८ ते १९८५ सरन्यायाधीश राहिले. त्यांच्या मागून भगवती आले. आपण चुकलो असं त्यांनी जाहीर सांगितलं ते २०११ मध्ये. आणि तो निकाल पुरता मोडीत निघाला २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात, चंद्रचूडांच्याच मुलाच्या लेखणीनं. कायद्याचे लोक या योगायोगाची गोष्ट फार प्रेमानं सांगतात. मला ती सांगताना कधी बरं वाटत नाही. एकेचाळीस वर्षांनी आलेल्या दुरुस्तीचा १९७६ च्या कैद्याला काय उपयोग?

मुंबईच्या दोन वकिलांचंही सांगायला हवं, कारण त्यांनी 'इलाज नव्हता' हे वाक्य फार स्वस्तात खोटं पाडलं. नानी पालखीवाला २३ जूनला सर्वोच्च न्यायालयात इंदिरा गांधींची बाजू मांडत होते. आणीबाणी आल्यावर त्यांनी वकीलपत्र परत केलं. फली नरिमन अतिरिक्त महान्यायअभिकर्ता होते. २७ जूनला राजीनामा. दोघांनाही अटक झाली नाही. दोघांची वकिली बुडाली नाही. कागद परत करणं एवढंच त्यांनी केलं, आणि तेवढंही करायला त्या जूनमध्ये फारसं कुणी पुढे आलं नाही. वरच्या खुर्चीतल्या माणसाला नकाराची किंमत किती पडते याचा अंदाज बहुतेकांनी न तपासताच बांधला होता, आणि तो अंदाज सरकारला हवा होता तेवढाच निघाला.

'पण लोकांनाच हवी होती', असं म्हणणारे अजून आहेत. गाड्या वेळेवर धावत होत्या, कचेऱ्यांत माणसं जागेवर सापडत होती. धावत असतील. रेल्वे कामगारांचा संप १९७४ च्या मे महिन्यातच चिरडून झाला होता, आणि सप्टेंबर १९७५ मध्ये कामगारांचा किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला तेव्हा गिरणगावात कुणाला तोंड उघडता येत नव्हतं. शिस्तीचं बिल कुणाच्या नावावर फाटलं ते यावरून दिसेल. या बचावाला एक आधार मात्र आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही: १९७७ मध्ये उत्तरेत काँग्रेस भुईसपाट झाली तरी दक्षिणेनं तिला उचलून धरलं, आंध्रनं बेचाळीसपैकी एकेचाळीस जागा दिल्या. पण दिल्लीत तुर्कमान गेटला एप्रिल १९७६ मध्ये काय झालं हे ज्या मतदारापर्यंत पोचूच दिलं नाही, त्याच्या मताचा दाखला त्या गोष्टीला संमती म्हणून देता येत नाही. आणि पोचवायचं काम ज्यांचं होतं त्यांच्याबद्दल अडवाणी नंतर म्हणाले होते की वाकायला सांगितलं तर पत्रकार रांगायला लागले. सगळे नाही. मुंबईच्या 'टाइम्स'मध्ये कुणीतरी लोकशाहीच्या निधनाची छोटी जाहिरात छापून आणली होती, आणि सेन्सॉरला विनोद कळायला वेळ लागला.

अडवाणींचं नाव आलं म्हणून हेही बोलून टाकतो. आज २५ जूनचे यजमान जे आहेत त्यांच्या परिवाराचे हजारो कार्यकर्ते तुरुंगात होते, त्यांनी सोसलं, हे निर्विवाद. पण त्यांचेच सरसंघचालक बाळासाहेब देवरस येरवड्याच्या तुरुंगातून इंदिरा गांधींना पत्रं लिहीत होते, संघावरची बंदी उठवा म्हणून, आणि त्या पत्रांचा स्वर लढ्याचा नव्हता. बाळासाहेब ठाकरे आणीबाणीच्या बाजूनं उभे होते. कॉम्रेड डांग्यांचा पक्षही; त्या पक्षानं नंतर निदान चूक कबूल केली. थोडक्यात, महाराष्ट्रात असा एकही मोठा प्रवाह नाही ज्याच्या वहीत या काळाचं एखादं लाजिरवाणं पान नाही. म्हणूनच 'एका बाईनं केलं' ही गोष्ट सगळ्यांना आवडते. इंदिरा गांधींच्या नावावर सगळं टाकलं की काँग्रेस सोडून प्रत्येकाची वही कोरी होते, आणि काँग्रेसवाले म्हणतात ती गेली, आम्ही नवे.

राहता राहिला शेवटचा प्रश्न: आता हे उगाळून काय मिळणार? आणीबाणीत मिसाखाली राहिलेल्यांना मानधन देण्याची योजना महाराष्ट्रानं २०१८ मध्ये आणली, २०२० मध्ये नव्या सरकारनं बंद केली, २०२२ मध्ये पुढच्या सरकारनं पुन्हा सुरू केली. स्थानबद्धतेच्या स्मृतीवर एवढी रस्सीखेच करणाऱ्या याच विधिमंडळापुढे जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक आलं. संघटनेला बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारकडे, गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र. मिसा आणि हा कायदा एकच आहेत असं मी म्हणत नाही, नाहीत. मी सभागृहाकडे पाहतोय. ज्या संयुक्त समितीनं मसुदा तपासला तिच्यात विरोधी पक्षांचे वजनदार सदस्य होते. विधानसभेत विधेयक आवाजी मतदानानं मंजूर झालं. विरोधाचा आवाज मोजका होता. संविधान धोक्यात आहे असं सांगून वर्षभरापूर्वी मतं मागितलेल्या बाकांवरून हात वर करून मतविभागणीची मागणी झाली असती, तर निदान नावं तरी नोंदली गेली असती. आवाजी मतदानाचा फायदा हाच असतो की कोण काय बोललं आणि कोण बोललंच नाही हे पन्नास वर्षांनी कुणाला सिद्ध करता येत नाही.

तेव्हा सत्कार करणाऱ्यांना एक सुचवतो. पुढच्या २५ जूनला तुरुंगात गेलेल्यांची नावं वाचून झाली की १९७६ च्या नसबंदी विधेयकावर महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांत जी चर्चा झाली ती वाचा, कोण बाजूनं बोललं आणि कोणी काय दुरुस्त्या सुचवल्या त्यासकट. बहुतेक पक्षांचे आजचे नेते ज्यांना गुरू मानतात त्यातली काही नावं तिथे निघतील. कार्यक्रमाला गर्दी कमी होईल, प्रायोजकही मिळणार नाही कदाचित. पण तेवढं एकदा होऊन जाऊ दे.